तंत्रज्ञान प्रशिक्षणाच्या अर्जात टॅब कमी आणि वर्ग जास्त दिसू द्या

प्रश्न थोडक्यात असा: “मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. सेवा अकरा वर्षे, वर्ग पहिली ते चौथी. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम झाला आहे, टाळेबंदीत बरीच ऑनलाइन प्रमाणपत्रेही मिळवली. आता निवड होऊन मिळणारे, खरोखर काही शिकवणारे तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण करायचे आहे. दोन ठिकाणी अर्ज केला, निवड झाली नाही आणि कारणही कळले नाही. कोणता कार्यक्रम निवडावा, हेतुपत्रात काय लिहावे आणि शाळा सांभाळून, कार्यालयाची परवानगी काढून हे जमवावे कसे?”

ताई, प्रमाणपत्रांपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या अर्जाचे निम्मे दुखणे तिथे असावे असा माझा अंदाज आहे. टाळेबंदीत दहा प्रश्नांची चाचणी सोडवली की रंगीत प्रमाणपत्र ईमेलवर यायचे आणि केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडायचा. मी आधी शिक्षक होतो, मग काही वर्षे डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत, विषय सहायक आणि शेवटी केंद्रप्रमुख. जिल्हा पातळीवर शिक्षकांचे अर्ज वाचायला बसायचो तेव्हा वीतभर जाडीच्या फायली समोर येत. त्यातली प्रमाणपत्रे कोणी उलटूनही पाहत नसे. उलट जाड फाईल दिसली की वाचणारा मनातून थोडा वैतागतो. तुम्ही त्यातली मोजकी ठेवा. निष्ठा या केंद्र सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे जरूर ठेवा, कारण त्याला वजन आहे. हा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्रत्यक्ष प्रशिक्षण म्हणून सुरू झाला, पुढच्या वर्षी कोविडमुळे दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर आला आणि शेवटच्या मूल्यमापनात ७० टक्के गुण मिळाल्याशिवाय त्याचे प्रमाणपत्र मिळत नसे. तुम्ही पहिली ते चौथीला आहात, तेव्हा निष्ठा ३.० मधले पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे बारा अभ्यासक्रम तुमच्या कामाशी थेट जुळतात. बाकीचा ढीग घरी राहू द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण अकरा वर्षे सेवा म्हणालात म्हणून सांगतो. बारा वर्षे भरली की वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण समोर येईल. चोविसाव्या वर्षी निवडश्रेणीचे. २०२२ मध्ये ही प्रशिक्षणे ऑनलाइन झाली, तेव्हा नोंदणीत ईमेलचे एखादे अक्षर चुकल्यामुळे किंवा दुसऱ्याचाच मोबाईल नंबर टाकल्यामुळे कितीतरी जणांचे लॉगिन अडकून पडले होते. सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरला की त्याचाच ईमेल टाकतो, हा अनुभव तुमच्याही केंद्रात कुणाला तरी आलाच असेल. हे प्रशिक्षण पगाराशी बांधलेले आहे. त्याची नोंदणी सुरू झाली की बाकी सगळे बाजूला ठेवायचे आणि फॉर्म स्वतःच्या हाताने भरायचा. एमएस-सीआयटी मुदतीत केली नाही म्हणून ज्यांच्या वेतनवाढीची वसुली निघाली, त्यांना विचारा.

आता कोणता कार्यक्रम. नावावर जाऊ नका. प्रशिक्षणाहून परत आल्यावर सोमवारी वर्गात त्यातले काय वापरणार, एवढाच निकष लावा. उदाहरणार्थ, गुगलचे शिक्षकांसाठीचे प्रमाणन बघा. पहिल्या पातळीचे शुल्क १० डॉलर, परीक्षा गुगलच्याच साधनांवर, आणि पास झालात तरी प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. शहरातल्या ज्या शाळेत प्रत्येक मुलाचे खाते आहे, गृहपाठ गुगल क्लासरूमवर जातो, तिथल्या शिक्षकाला ते उपयोगाचे आहे. तुमच्या तिसरीतल्या मुलाकडे ना ईमेल, ना उपकरण. दहा डॉलर गेल्याचे दुःख नाही, पण दोन महिने जातील त्याचे काय?

फुलब्राइटच्या शिक्षकांसाठीच्या ‘टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट’ या कार्यक्रमाबद्दलही खूप जण विचारतात. साधारण सहा आठवडे अमेरिकेतल्या विद्यापीठात, त्यात वर्गाध्यापनाबरोबर तंत्रज्ञानाचा वापरही शिकवतात. चांगलाच आहे, पण तो माध्यमिकच्या शिक्षकांसाठी आहे. पात्रतेची ओळ न वाचता निबंध लिहायला बसणारे मी कमी पाहिलेले नाहीत. त्या प्रकारचा अर्ज करायचाच असेल तर प्राथमिक शिक्षकांना दार उघडे असलेला कार्यक्रम शोधा आणि त्या वर्षीची माहितीपत्रिका मुळातून वाचा. ग्रुपवर फिरणारा मजकूर कधीचा असतो, देव जाणे.

मला विचाराल तर तुम्ही आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ-धड्यांवर बसा. फुकट आहे, बरेचसे मराठी आवाजात आहे. त्याची रीत अशी की एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडे ठेवायचे, ते जे करतात ते थांबवत थांबवत आपण करायचे. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरने सुरुवात करा. ऐकायला रुक्ष वाटेल, पण मुलांच्या वाचनपातळीचा तक्ता स्वतः बनवता आला, त्यावरून आलेख काढता आला, की पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्याकडे दाखवायला स्वतःची माहिती असेल. याच्या जोडीला फेट या संकेतस्थळावरची मराठी सिम्युलेशन्स, म्हणजे हाताळून पाहायचे संगणकी प्रयोग, पाहून ठेवा. अपूर्णांकाची आणि अंकगणिताची चौथीपर्यंत चालतात.

ही तयारी झाली की मग निवडीचे कार्यक्रम. शिक्षकांसाठीचा राष्ट्रीय आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) पुरस्कार हे प्रशिक्षण नव्हे, पण त्याच्या अर्जासाठी जी कागदपत्रे जमवावी लागतात तीच पुढे सगळीकडे कामाला येतात. शिक्षकाचे नाव आधी राज्याकडून जाते आणि मग दिल्लीत निवड होते. एनसीईआरटीच्या सीआयईटी या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेची ऑनलाइन प्रशिक्षणे वर्षभर चालू असतात, त्यांवर लक्ष ठेवा. आणि एखाद्या विद्यापीठाचा किंवा संस्थेचा असा कार्यक्रम मिळाला, ज्यात चार दिवस शिकून वर्गात परत जायचे, करून पाहायचे आणि पुन्हा गटात येऊन सांगायचे, तर तो सोडू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, टाटा ट्रस्ट्स आणि अमेरिकेतली एमआयटी यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लिक्स’ या उपक्रमाला २०१७ चा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथे मुलांच्या संगणक-पाठांबरोबर शिक्षकांचे शिक्षण आणि त्यांचे आपापसातले गट यांवर भर होता. नुसती दोन दिवसांची कार्यशाळा, जेवण आणि फोटो, यातून काही हाती लागत नाही.

आता हेतुपत्र. इथे जरा थांबतो, कारण निवड इथेच होते किंवा इथेच जाते.

“आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग आहे. एकविसाव्या शतकातील आव्हानांना सामोरे जाण्यासाठी विद्यार्थ्यांना तंत्रस्नेही बनवणे ही काळाची गरज आहे.” तुमचे हेतुपत्र असेच काहीसे सुरू झाले होते ना? राग मानू नका. मी वाचलेल्या दर दहा अर्जांतले सात-आठ याच वाक्याने सुरू व्हायचे. हल्ली त्यात चॅटजीपीटीची भर पडली आहे. वाक्ये गुळगुळीत झाली, पण आत तेच. एकाच तालुक्यातून आलेल्या तीन अर्जांत ‘परिवर्तनकारी अध्ययन अनुभव’ दिसला की तिन्ही बाजूला जातात. भाषा तपासायला त्याची मदत घ्या हवी तर, पण काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

तुमच्या भागातला एक नमुना लिहून दाखवतो. आकडे माझे, तुम्ही तुमचे घाला:

“माझ्या शाळेचा पट चोवीस. दिवाळीनंतर त्यातली नऊ मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. गेल्या वर्षी जाताना दुसरी-तिसरीतली तीन मुले जोडाक्षरे वाचत होती. परत आली तेव्हा एकालाच येत होती. टोळीतल्या बहुतेक घरांत एक स्मार्टफोन असतो, पण तो रात्री आठनंतर मोकळा होतो. मी डिसेंबरपासून रोज रात्री मिनिटभराचे रेकॉर्डिंग पाठवले: पाच शब्द, एक वाक्य, एक कोडे. मुलांनी तेच म्हणून आपल्या आवाजात परत पाठवायचे. चार घरांतून नियमित उत्तरे आली. पाच घरांतून आली नाहीत. त्यातल्या तीन घरांचा रिचार्ज संपलेला असे, दोन घरांत फोन मुकादमाकडे होता. मला दोन गोष्टी शिकायच्या आहेत. इंटरनेट नसताना चालेल असे ऐकण्याचे साहित्य कसे बनवायचे, आणि मुलांच्या आवाजाच्या नोंदींवरून वाचनाची प्रगती कशी नोंदवायची.”

बघा, यात तंत्रज्ञान काय आहे? व्हॉट्सॲपवरचे रेकॉर्डिंग. पण वाचणाऱ्याला ऊसतोड कामगारांच्या कोपीतले, म्हणजे झोपडीतले, ते मूल दिसते, रात्री आठची वेळ दिसते, आणि बाईंनी आधी स्वतः काहीतरी करून पाहिले आहे हेही कळते. शेवटच्या दोन वाक्यांत नेमके काय शिकायचे ते सांगितले आहे. निवड समितीला नेमके हेच हवे असते, कारण प्रशिक्षणात शिकवायचे काय आणि या बाईंना त्याचा उपयोग काय, याचा मेळ तिला घालायचा असतो. पाच घरांतून उत्तर आले नाही हे वाक्य गाळू नका. सगळे यशस्वीच झाले असेल तर मग प्रशिक्षण कशाला हवे, असा साधा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव प्रत्येक अर्जात कुठेतरी येतेच. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, १० लाख डॉलरच्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना द्यायचे जाहीर केले. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहेच. पण त्यांचे नाव लिहून अर्जाला वजन येत नाही. त्यांच्या कामातली घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवायला महागडे यंत्र लागत नाही. वर्गाची गरज आधी, साधन नंतर, आणि साधन परवडेल असे. तुमच्या अर्जात तीन लाखांच्या इंटरॲक्टिव्ह पॅनेलची मागणी असेल तर ती काढून टाका.

युनेस्कोची शिक्षकांच्या आयसीटी क्षमतांची एक चौकट आहे, २०१८ ची आवृत्ती. तीत तीन पातळ्या आहेत: ज्ञान मिळवणे, ते सखोल करणे आणि नवे निर्माण करणे. हेतुपत्रात तिचे नाव घ्यायची गरज नाही. स्वतःपुरते एवढेच ठरवा की आपण आज पहिल्या पातळीवर आहोत की दुसऱ्या. बहुतेक जण पहिलीवर असून तिसरीची भाषा लिहितात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळतात.

पुरावा म्हणजे नुसते फोटो नव्हेत. प्रोजेक्टरसमोर मांडी घालून बसलेल्या मुलांचा फोटो सगळ्यांकडे आहे. तुमच्याकडे दुसरे काहीतरी आहे, तुमच्या रोजच्या नोंदी. प्रत्येक मुलाची वाचनपातळी असर या शैक्षणिक पाहणीच्या साधनाने तपासा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुले जायच्या आधी एकदा, परत आल्यावर एकदा. तारखांसह एका पानावर तक्ता. सोबत हजेरीपटाच्या त्या महिन्यांच्या पानांची आणि स्थलांतरित मुलांना दिलेल्या शिक्षण हमी कार्डाची (दुसऱ्या गावी शाळेत बसता यावे म्हणून दिलेल्या) नक्कल. एवढ्या तीन-चार कागदांपुढे चाळीस प्रमाणपत्रे फिकी पडतात.

दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला असेल तर चित्रापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. पंखा बंद करा, पत्र्याच्या छताखाली पाऊस असताना करू नका, फोन आडवा धरा. मागे ‘हर घर तिरंगा’चे बॅनर आणि पुढे पाठ केलेले भाषण, असले करू नका. एका मुलाला वाचताना दाखवा आणि मग तुम्ही काय करता ते बोला. मुलांचे चेहरे किंवा आवाज देताना पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीवर भर दिला आहे, आणि परदेशी कार्यक्रमवाले तर हे हमखास विचारतात. संमतीपत्र मराठीत, चार ओळींचे करा. आईला वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या.

शिफारसपत्र सरपंचांचे किंवा आमदारांचे नको. तुमच्या वर्गात जो प्रत्यक्ष बसला आहे त्याचे घ्या, म्हणजे केंद्रप्रमुखांचे किंवा विस्तार अधिकाऱ्यांचे. “होतकरू, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष” असे तीन शब्द लिहून ते मोकळे होतील, म्हणून त्यांना आधीच अर्ध्या पानाचे मुद्दे द्या: कोणत्या महिन्यात शाळाभेट दिली, काय पाहिले. ते लिहितील, फक्त आठवण करून देणारे कोणी लागते.

परवानगीचे सांगतो, कारण इथे चांगले चांगले अर्ज मरतात. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला तसा फारसा अडसर नसतो. पण शाळा सोडून जायचे असेल तर अर्ज योग्य मार्गानेच: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी प्राथमिक. प्रत्येक टेबलावर कागद किती दिवस बसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मूळ अर्ज मार्गाने पाठवा आणि नियम परवानगी देत असतील तर त्याची आगाऊ प्रत थेट संस्थेला द्या, त्यावर तसे लिहून. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय पंचायत समितीतून बाहेर पडू नका. “ठेवा, बघतो” म्हणजे पोच नव्हे.

तुमची शाळा द्विशिक्षकी, म्हणजे साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला: मागे वर्ग कोण बघणार? त्याचे उत्तर अर्जातच द्या. सहकारी शिक्षकांचे संमतीपत्र जोडा, केंद्रातून कोण येऊ शकेल ते केंद्रप्रमुखांशी आधी बोलून ठेवा, आणि कालावधी शक्यतो उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत पडेल असा कार्यक्रम निवडा. हा कालावधी कर्तव्यकाळ धरावा अशी विनंती त्याच अर्जात करा. नंतर केली तर तुमच्याच रजा जातात. शासनाच्या आदेशाने सुट्टीत प्रशिक्षणाला बोलावले असेल तर त्याची नोंद सेवापुस्तकात करून घ्या, कारण त्या बदल्यात अर्जित रजेचा हक्क मांडता येतो. लांब मुदतीचा अभ्यासक्रम असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधली अध्ययन रजा आहे. त्यात बंधपत्र द्यावे लागते, परत येऊन ठरावीक काळ सेवा करण्याचे. सही करण्याआधी वाचा. परदेशी जायचे असेल तर ना हरकत प्रमाणपत्राची प्रक्रिया निवड व्हायची वाट न बघता चालू करा.

“शाळा सांभाळून” म्हणालात, त्यावर मी उपदेश करणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत. कलम जागच्या जागी आहे आणि बीएलओचे म्हणजे मतदारयादीचे काम, पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, शाळेच्या माहितीचे यू-डायस, आधार पडताळणी हेही सगळे जागच्या जागी आहे. त्यातल्या त्यात दिनदर्शिका ओळखून चाला. जून-जुलैत प्रवेश आणि पट, सप्टेंबरअखेर संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी, ३० तारखेची पटसंख्या, फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षेची धावपळ, एप्रिलमध्ये वार्षिक. ऑनलाइन अभ्यासक्रम ऑगस्टमध्ये किंवा दिवाळीच्या सुट्टीत घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तुम्ही जे कराल ते त्या तासांत मोजले जाईल का हे आधी विचारून घ्या, म्हणजे एकाच कष्टात दोन कामे होतील.

आणि दोनदा निवड झाली नाही त्याचे कारण विचारायला हरकत नाही. दोन ओळींचा ईमेल: निवड झाली नाही हे समजले, पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे, कोणत्या भागात कमी पडले ते कळवाल का. सरकारी कार्यालयाकडून उत्तर क्वचित येते, पण संस्था आणि विद्यापीठे बऱ्याचदा देतात.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट, जिच्यावर गुणवत्तेचा प्रश्न येण्याआधीच अर्ज बाद होतो, आणि महिला शिक्षकांचे जास्त होतात. डी.एड.च्या गुणपत्रकावर माहेरचे नाव, शालार्थ या पगाराच्या प्रणालीत सासरचे, आधारवर तिसरेच काहीतरी, आणि दीक्षावर मोबाईलवरून घाईत टाकलेले “सुनीता मॅडम”. दीक्षावर प्रोफाइलमध्ये जे नाव असते तेच प्रमाणपत्रावर छापून येते, म्हणून अभ्यासक्रम सुरू करण्याआधी ते दुरुस्त करा. जिल्हा, तालुका आणि अकरा अंकी यू-डायस क्रमांकही तपासा. नावबदलाची राजपत्रातली नोंद झाली असेल तर तिची पीडीएफ फोनमध्ये ठेवा. नसेल तर ती या सुट्टीत करून घ्या, कारण पारपत्र काढताना, ना हरकत मागताना आणि परदेशी अर्ज भरताना तोच कागद मागणार आहेत. आणि अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. त्या रात्री पोर्टल अडकते आणि दोनशे केबीच्या मर्यादेत न बसणारी पीडीएफ लहान करून द्यायला गावातला एकही जागा नसतो.